वरच्या गावचं तापमान

बाजारात तिला सगळे हवाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर पडेल इतपत मोठ्याने. भाजी घेताना कुणीतरी हटकून विचारायचंच, "काय, उद्या कपडे बाहेर वाळत घालू की नको?" आणि ती दरवेळी तेच सांगायची, "घाला, पण घराबाहेर जाऊ नका."

सव्वीस वर्षं ती जिल्ह्याच्या हवामान कार्यालयात होती. कार्यालय म्हणजे अग्निशमन केंद्राच्या माडीवरच्या दोन खोल्या. मागच्या अंगणात छातीइतक्या उंचीवर झडपांची पांढरी पेटी, तिच्यात दोन तापमापक, आणि शेजारी पाऊस मोजायचं नळकांडं. साहेब महिन्यातून एकदा मुख्य कार्यालयातून येत, सह्या करत, चहा पीत आणि "चालू द्या" म्हणून निघून जात. बाकी सगळा एकटीचा कारभार. सकाळी साडेसहाला पेटी उघडायची, आकडे वहीत उतरवायचे, आठच्या आत जिल्ह्याचा अंदाज लिहून रेडिओ केंद्राला, रस्ते खात्याला आणि बसस्थानकाला कळवायचा. आकडा कधी चुकवला नव्हता, कधी अंदाजपंचे भरला नव्हता. तापाने फणफणलेली असतानासुद्धा ती शाल गुंडाळून पेटीपाशी गेली होती.

या सगळ्या धांदलीत, सात वाजून दहा मिनिटांनी, वरून फोन यायचा.

वरून म्हणजे खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या शेवटच्या गावातून. त्याची सुरुवात भांडणाने झाली होती. दोन वर्षांपूर्वी, पानगळ नुकती लागली होती तेव्हा, एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला.

"रेडिओवर सांगता ते तुम्हीच का? वर दंव गोठणार नाही म्हणून?"

"अंदाज आमचाच असतो."

"मग इथे या आणि माझ्या घेवड्याला सांगा. सगळा काळा पडलाय."

तिने विचारलं, तुमच्याकडे तापमान किती होतं? म्हातारबुवांकडे तापमापक होता. निवृत्त होताना रस्ते खात्याने भेट दिलेला. त्यात आठ दिसत होते. आठला दंव गोठत नाही, ती म्हणाली. गोठलंय असं मी सांगतोय ना, ते म्हणाले. मग तो टांगलाय कुठे, याची चौकशी झाली. तो होता स्वयंपाकघराच्या भिंतीला, बाहेरून, पण नेमका शेगडीच्या मागे.

"अहो काका, तुम्ही मला तुमच्या शेगडीचं तापमान सांगताय."

पलीकडे कागद-पेन्सिल शोधल्याचा आवाज आला. मग, "कुठे टांगू?"

"उत्तरेच्या भिंतीला. ऊन कधीच पडत नाही अशा जागी. छातीइतक्या उंचीवर."

दुसऱ्या दिवशी सात दहाला फोन. "दोन. उत्तरेच्या भिंतीवर. आकाश मोकळं, वारा नाही. आणि बाई, चूक माझी होती."

तेव्हापासून एक दिवस खंड नाही. काका खिंडीतल्या फाटकावर चौकीदार होते. बर्फ पडलं की फाटक लावायचं, वितळलं की उघडायचं, यात त्यांची छत्तीस वर्षं गेलेली. बायको वारली होती, मुलगी शहरात होती. एवढं तिला हळूहळू समजलं, तेही वाऱ्याच्या आणि ढगांच्या मधूनमधून. त्यांचा आकडा सरकारी नव्हता, म्हणून ती तो वहीच्या समासात पेन्सिलीने लिहायची. पण वरच्या भागाचा अंदाज त्यावरच बेतायची. "वरचं बरं जमायला लागलं तुम्हाला," असं साहेब एकदा म्हणाले, तेव्हा ती नुसती हसली.

या वसंतात तिची आई गेली. घरात दोघीच होत्या. चार दिवस मुख्य कार्यालयाच्या बदली माणसाने नोंदी घेतल्या, मग ती कामावर आली, आणि सात दहाला फोन घेताना नेहमीसारखं "बोला काका" न म्हणता तिने सांगून टाकलं. काका म्हणाले, "आज इथे नऊ आहे. थांबा, परत बघून येतो." रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ ती फोन कानाला लावून बसली. दाराची कडी, पावलं, पुन्हा कडी. "नऊच आहे," काका म्हणाले. "आता ठेवतो. उद्या करतो." सांत्वनाला आलेल्या सगळ्या माणसांत तिला तेवढंच बरं वाटलं होतं.

भाऊ परदेशात होता. रविवारी त्याचा फोन यायचा. "बरी आहेस ना?" "आहे." "जेवणखाण नीट?" "हो." मग बोलायला काही उरलं नाही की तो विचारायचा, "हवा काय म्हणते तिकडे?" आणि ती दिवसभर जे सांगायची तेच त्यालाही सांगायची. आईच्या खोलीचं दार तिने लावून घेतलं होतं. एका माणसासाठी दोन खोल्या कशाला गरम ठेवायच्या, असं ती स्वतःलाच समजावत असे.

उन्हाळा सरला. सकाळी अंगणात जाताना तोंडातून वाफ निघायला लागली. अग्निशमन केंद्रासमोरच्या झाडांची एकच रांग, पण वरच्या टोकाचं झाड आधी पिवळं पडलं आणि पिवळेपणा रोज एकेक झाड खाली उतरू लागला. दरीत सकाळचे ढग असे बसत की दहापर्यंत हलायचं नाव नाही. दरवर्षी या दिवसांत काकांचे फोन लांबत. पहिलं दंव कधी गोठेल यावर दोघांची रोज हुज्जत चाले.

आणि अशातच एका बुधवारी फोन आला नाही.

साडेसात झाले. लाइन बिघडली असेल, ती मनाशी म्हणाली. पावणेआठला तिने समास कोरा ठेवून अंदाज लिहिला. वहीच्या पुठ्ठ्यावर काकांचा नंबर होता, तो फिरवला. घंटी वाजत राहिली. गुरुवारी तेच. शुक्रवारी तिने तीनदा केला.

शनिवारी नोंदी आटोपून ती वरच्या गावच्या बसमध्ये बसली. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. वळणांच्या रस्त्यावर तिला मळमळायचं, म्हणून सव्वीस वर्षांत ती एकदाही वर गेली नव्हती. ज्या गावाचं थंडीवारं ती रोज जिल्ह्याला सांगायची ते गाव तिने पाहिलेलंच नव्हतं. पिशवीत तिने कार्यालयातला एक जुना तापमापक घेतला होता. कशाला आलात असं कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं ना.

खाली रिपरिप पाऊस होता. बस चढू लागली तसं धुकं दाटलं. चालकाने दिवे लावले, वेग माणसाच्या चालीवर आणला. ती लिंबू नाकाशी धरून, डोळे मिटून बसली. मग पापण्यांवर एकदम ऊब जाणवली. डोळे उघडले तर बस ढगांच्या बाहेर आली होती. वर लख्ख ऊन, निळंभोर आकाश, आणि खाली सगळी दरी पांढऱ्या ढगांनी काठोकाठ भरलेली. दरीत गारठा साचतो आणि वर ऊब राहते, हे तिने शेकडो वेळा अंदाजात लिहिलं होतं. पण ते असं दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं. मळमळ कुठल्या कुठे गेली. हे काकांना सांगितलं पाहिजे, असं मनात आलं, आणि मग आपण कशासाठी निघालोय ते आठवलं.

गाव म्हणजे वीसेक घरं. काकांचं घर सापडायला वेळ लागला नाही, पण दाराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात एक बाई चादरी वाळत घालत होती.

"कोण हवंय?" त्या बाईने विचारलं.

"मी हवामान कार्यालयातून आले. काका रोज फोन करायचे, तो चार दिवस आला नाही."

शेजारणीच्या हातातली चादर हातातच राहिली. "म्हणजे तुम्ही खरंच आहात?"

"म्हणजे?"

"या, बसा आधी." शेजारणीने पायरीवर जागा केली. "बुधवारी सकाळी पडले हो ते. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी आली आणि शहरात घेऊन गेली. गाडीत घातलं तरी एकच धोशा, ऑफिसला कळवा, ऑफिसला कळवा. मुलीने मला डोळ्यानेच खुणावलं, सोडून द्या. मग मीही सोडलं."

"का पण?"

"खोटं कशाला बोलू. आम्हाला ते सगळं म्हाताऱ्याच्या मनचं वाटायचं. सगळ्या गावाला सांगायचे, माझ्या आकड्यावाचून खालच्या बाईंचं पान हलत नाही. मुलगी दोन वर्षं म्हणत होती, चला माझ्याकडे. तर म्हणायचे, मला नोंद असते, मला हलता येत नाही. तिला वाटायचं, न येण्याचा बहाणा आहे. ताई, तुमचं खरंच अडायचं का त्यांच्यावाचून?"

"अडायचं," ती म्हणाली.

शेजारणीने चादर मांडीवर घेऊन उगाच घडी घातली.

"पडले कुठे?" तिने विचारलं.

शेजारणीने तिला घरामागे नेलं. उत्तरेची भिंत होती ती. ओलसर, काळपट. छातीइतक्या उंचीवर खिळ्याला तापमापक टांगलेला. खाली दगडी फरशी, आणि तिच्यावर हिरवंगार, बुळबुळीत शेवाळ. इथे ऊन कधीच पडत नव्हतं. एका ठिकाणी शेवाळ लांब खरवडलं गेलं होतं.

ती खरवडलेल्या जागेपाशी वाकली. "ही जागा मी सांगितली होती त्यांना."

शेजारीण म्हणाली, "तुम्ही भिंत सांगितलीत. शेवाळ घासायला आम्हीही कुणी आलो नाही."

सवयीने तिने तापमापकाकडे पाहिलं. अकरा. पिशवीतला दुसरा बाहेर काढलाच नाही. शेजारणीने मुलीचा नंबर कागदावर लिहून दिला आणि उतरणीच्या बसपर्यंत सोबत आली.

रविवारी दुपारी तिने फोन केला. मुलगी आधी तुटकच बोलली. "बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज पहाटे उठून त्या घसरड्यावर जायचं म्हणजे काय? ते तुमचं काम करत होते म्हणतात. खरंय का?"

"खरं आहे."

"आम्हाला वाटलं होतं..." मुलीने वाक्य अर्धवट सोडलं. "थांबा, देते त्यांना."

आवाज लांबून आल्यासारखा आणि बारीक झाला होता. "बाई, पाच दिवसांचे आकडे राहिले."

"राहू देत काका. कसे आहात?"

"पलंगावर आहे. खिडकी आहे, पण समोरच्या इमारतीची भिंत दिसते. आकाश बघायचं तर मान वाकडी करावी लागते, आणि डॉक्टर वाकडं होऊ देत नाहीत."

तिने सांगितलं की ती वर जाऊन आली. ढगांच्या वर बस निघाली तेही सांगितलं. "खाली पाऊस असताना?" ते म्हणाले. "मग तुम्हाला चांगला दिवस मिळाला. माझ्या मुलीने कधी पाहिलं नाही ते. ती लहान असताना बसमध्ये धुकं लागलं की झोपून जायची."

मग तिने राहिलेलं सांगून टाकलं. "काका, भिंत मी चुकीची सांगितली तुम्हाला."

"छे. भिंत बरोबर होती. आधीच्या जागी सहा अंश जास्त दाखवायचं. पाय माझा चुकला. बरं, आज खाली कसं आहे?"

"ढग आहेत. वारा पडत चाललाय. उद्या मोकळं होईल, असा माझा अंदाज आहे."

"मोकळं कसलं. वारा पडला की दरीत धुकं बसणार. दाट. लिहून ठेवा."

"बघू," ती म्हणाली.

सोमवारी ती साडेसहाला अंगणात आली तेव्हा आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. समोरच्या डोंगरावरचं झाडन् झाड मोजता येत होतं. माडीवर येऊन तिने आकडे उतरवले. सात दहाला फोन वाजला आणि तिचा हात पेन्सिलीकडे गेला.

"मुलीचा फोन मागून घेतलाय," काका दबक्या आवाजात म्हणाले. "बसलं ना धुकं?"

खिडकीतून ऊन सरळ टेबलावर येत होतं. खाली बसस्थानकावरचा फलक इथून वाचता येत होता.

"बसलंय काका," ती म्हणाली. "समोरचं बसस्थानकसुद्धा दिसत नाहीये."

"म्हटलं होतं ना." ते हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला. "वर नसलो म्हणून काय झालं. कळतं अजून मला."

"कळतं की. मीच चुकले."

मागून मुलीचा आवाज आला, आणि काका घाईने म्हणाले, "ठेवतो आता. उद्या जमलं तर करीन."

तिने रिसीव्हर ठेवला. वही पुढ्यात ओढली आणि शाईने लिहिलं: आकाश निरभ्र, धुकं नाही, दृश्यता उत्तम. समासातली जागा कोरी सोडली. घड्याळात सात वाजून सतरा मिनिटं झाली होती. रेडिओवाल्यांना कळवायला अजून बराच वेळ होता, म्हणून ती चहा टाकायला उठली. एक कप पाणी मोजून घेतलं आणि उकळी येईपर्यंत तिथेच उभी राहिली.