आजोबांकडे रोखलेली दुर्बीण

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्याने जुनं असावं असा रिवाज आहे. मी जुनी नाही. ह्या परसात मला आज छत्तीस दिवस झाले. एरवी मी आणखी वीसेक वर्षं थांबले असते, थोडा गंज चढू दिला असता आणि मग रीतसर सुस्कारे टाकत बोलले असते. पण तेवढा वेळ माझ्याकडे असेल असं मला वाटत नाही.

मी एक दुर्बीण आहे. लांब नळी, तळाशी वीतभर रुंदीचा खोलगट आरसा आणि वरच्या बाजूला डोळा लावायचं भिंग. कारखान्यात एका बाईने माझे तीन स्क्रू आवळले आणि जांभई दिली. माझ्या जन्माचा सोहळा एवढाच. मग खोका, जहाज, जावा बेट, ट्रक आणि शेवटी मोटारसायकल. रस्ता जिथे संपतो तिथे, डोंगराच्या अगदी अंगावर, चाळीस घरांची वाडी आहे. तिथे मी उतरले.

ह्या वाडीत डोंगराला डोंगर म्हणत नाहीत. ‘म्बाह’ म्हणतात, म्हणजे आजोबा. आजोबांकडे बोट दाखवायचं नाही. त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही. माथ्यावर धूर दिसला तर आजोबा विडी ओढताहेत. आणि पन्नास वर्षांपूर्वी वरच्या तीन वाड्या एका दुपारी नाहीशा झाल्या, त्या प्रकाराला इथे ‘आजोबांकडे कार्य होतं’ असं म्हणतात. जणू मांडव पडला होता.

मला विकत घेतलं बू वार्सिनींनी. तीस वर्षं त्यांनी वाडीच्या शाळेत गणित शिकवलं, म्हणून सगळे त्यांना ‘बू गुरू’, म्हणजे गुरुबाई, म्हणतात. निवृत्तीच्या पैशातून त्यांच्या नवऱ्याला, पाक तुकिरानना म्हणजे तुकिरानरावांना, चौथी गाय हवी होती. आली मी.

पहिल्या रात्री बू गुरूंनी मला चंद्राकडे वळवलं आणि पाऊण तास डोळा लावून बसल्या.

“काय दिसतंय?” तुकिराननी गोठ्यातून विचारलं.

“विश्व फार काळं आहे.”

“तोंडावरचं झाकण काढलंस का?”

दुसऱ्या रात्री चंद्र सापडला, पण थांबेना. दर दोन मिनिटांनी तो भिंगातून निसटे आणि त्या मला दोष देत. पृथ्वी फिरते हे त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. त्या फिरण्याचा असा त्रास होत असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. चौथ्या रात्री ‘कललेला माड’ तपासून झाला. वृश्चिकाला इथे तेच नाव आहे, आणि एकदा ऐकल्यावर तिथे विंचू दिसत नाही. पाचव्या रात्री शनी मिळाला, एवढासा, कडं घातलेला. तुकिरान आले, बघितलं, म्हणाले, “कुणीतरी चित्र चिकटवलंय.” मग पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा. त्या रात्री चौथ्या गायीचा विषय निघाला नाही.

माझे तीन पाय डुगडुगत, म्हणून तुकिराननी परसात सिमेंटचा खांब ओतला आणि मला त्यावर बसवलं. तेव्हापासून मी तिथेच आहे.

माझ्यासोबत आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की माझ्या पाठीवरची छोटी नेमनळी रोज अंधार पडायच्या आत एखाद्या लांबच्या, न हलणाऱ्या वस्तूवर जुळवून घ्यावी. वाडीत न हलणारी वस्तू एकच होती, आणि तिच्याकडे रोखून बघणं शिष्टाचारात बसत नव्हतं. म्हणून बू गुरूंनी मधल्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवरची सळई धरली. वीज पडू नये म्हणून लावतात ती. आता सळईच्या बरोबर मागे आजोबांच्या कपाळावरचा मोठा काळा दगड येत होता, त्याला त्या काय करणार?

शिक्षिकेची सवय, रोज संध्याकाळी दिसेल त्याचं चित्र वहीत. मी सगळं उलटं दाखवते, त्यामुळे वहीत सळई वरून लोंबते आणि दगड तिच्या खाली टांगलेला. पहिल्या चित्रात सळईचं टोक दगडाच्या कोपऱ्याला टेकलं आहे. चौथ्या चित्रात मध्ये केसभर फट. नवव्यात तांदळाचा दाणा मावेल एवढी.

“तुमचा खांब कललाय,” बू गुरू नवऱ्याला म्हणाल्या.

तुकिराननी ओळंबा लावला. खांब सरळ. “तुझं यंत्रच बोगस आहे,” ते म्हणाले. त्या रात्री बू गुरूंनी मला शनीवर नेलं, जोडताऱ्यांवर नेलं. सगळं जागच्या जागी. मग सळईवर संशय गेला. तुकिरान सकाळी टाकीवर चढले आणि सळईला दोन्ही हातांनी लोंबकळून आले.

“काँक्रीटमध्ये गाडलीय गं. हलणं शक्य नाही.”

“खांब नाही, दुर्बीण नाही, सळई नाही,” बू गुरू म्हणाल्या. आरोपी एकच उरला होता, आणि त्याचं नाव ह्या वाडीत कुणी घेत नाही. तुकिरान उठून गायींना पाणी दाखवायला गेले. त्यांना पाणी दाखवून अर्धाच तास झाला होता.

खाली तालुक्याला ह्या ज्वालामुखीची धडधड मोजणारं एक कार्यालय आहे. तिथून ‘सावध असा’ हा निरोप तीन वर्षं रोज येत होता, म्हणून कुणी सावध नव्हतं. उलट आठ दिवसांवर वाडीचा वार्षिक नैवेद्य आला होता. म्हशीचं शीर घेऊन चाळीसही घरं, पोराबाळांसकट, आजोबांच्या गुडघ्याशी असलेल्या चौथऱ्यावर जातात आणि दिवसभर तिथेच जेवतात. तो चौथरा काळ्या दगडाच्या सरळ खाली आहे.

नैवेद्याची बैठक आमच्याच परसात भरली. वाडीचा प्रमुख वागिमान मधोमध बसला होता. अडतीस वर्षांचा, मिशीवाला, आणि पाचवीत गणितात दोनदा नापास झालेला. भातवाट्यांचा हिशेब संपल्यावर बू गुरू उभ्या राहिल्या.

“दगड सरकलाय,” त्या म्हणाल्या.

“कुणाच्या बांधावरचा?” वागिमानने विचारलं. “पुन्हा भांडण झालं का?”

“आजोबांचा.”

टेंपेच्या तळलेल्या सोयावड्या चावायचा आवाजही थांबला.

“बू गुरू,” वागिमान हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही म्बाहंना भिंगातून बघता? उद्या ते आंघोळीला बसले की दाराच्या फटीतून बघाल!”

लोक हसले. बू गुरूंनी वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती सरळ धरली, आडवी धरली, मग सगळ्यांना दाखवली.

“ह्यात तर आजोबा उलटे टांगलेत! वटवाघळं आहेत का ते?”

आता लोक पोट धरून हसले. मी खांबावर सगळं ऐकत होते. माझ्या तोंडून निघालेल्या एकमेव खऱ्या बातमीचा निकाल ती उलटी आहे ह्या मुद्द्यावर लागत होता.

“वागिमान,” बू गुरू म्हणाल्या. आवाज शाळेतला होता. “ऊठ. इथे ये. सळई कुठे आहे बघ, दगड कुठे आहे बघ. मग जाऊन पहिलं चित्र बघ. मग मला वजाबाकी सांग.”

तो उठला. गणिताच्या बाईंनी बोलावल्यावर माणूस उठतोच. माझ्यापाशी त्याने चपला काढल्या, आजोबांच्या दिशेने हात जोडून क्षमा मागितली आणि डोळा लावला. फार वेळ तो तसाच वाकलेला राहिला. त्याचा श्वास माझ्या भिंगावर बसत होता, विरत होता. मग तो वहीपाशी गेला, परत माझ्याकडे आला, आणि दुसऱ्यांदा वहीपाशी गेलाच नाही.

“ह्या वर्षी,” तो चपला घालत म्हणाला, “नैवेद्य खालच्या ओढ्यावर देऊ. आजोबांकडे पाहुणे येणार असं दिसतंय. आपण घर मोकळं करून द्यावं, हे बरं.”

तीन दिवसांत वाडी खाली गेली, तालुक्याच्या शाळेत. मला नेलं नाही. टेंपोत गाद्या होत्या. बू गुरूंनी माझी मान सळईवर घट्ट कसली, म्हणाल्या, “बघत राहा,” आणि गेल्या.

मी बघते आहे. पण आत्मवृत्त इथे संपलं असतं तर मी इतक्या घाईने सांगितलं नसतं. माणसं खाली गेली, गायी नाही. शाळेत गायींना वर्ग नाही. त्यामुळे रोज पहाटे पुरुष मोटारसायकलींवर वर येतात, गवत कापतात, दूध काढतात, दुपारी उतरतात. पहिल्या आठवड्यात डोंगराकडे बघत बघत कापत. आता गाणी म्हणत कापतात. दोन पहाटा झाल्या, इथे पक्षी ओरडलेले नाहीत. गाण्यांमुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आज बाकीचे उतरले. तुकिरान उतरले नाहीत. त्यांची गाय आज विणार आहे. मघाशी ते फोनवर बोलत होते.

“अगं, इथेच थांबतो रात्री. हिला एकटीला सोडू? … दगड काय, महिनाभर सरकतोय. एका रात्रीत काय होतंय? … बघितलं गं, बघितलं, आहे जागेवर.”

बघितलेलं नाही. वहीत शेवटचं चित्र सोळा दिवसांपूर्वीचं आहे. दगड आज दुपारी मला दिसणाऱ्या गोलाच्या कडेवरून बाहेर गेला. त्याच्या मागे डोंगराला एक फट पडली आहे, आणि ती तासातासाला रुंद होते आहे.

मित्रांनो, आमच्या जातीच्या गोष्टींत शेवटी एक विनंती असते. आम्हाला जपा, आम्हाला तेलपाणी करा, अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. मला अडगळीत टाका. यंत्राचा आणि आपला मेळ बसला नाही की यंत्राला शिव्या द्या, खुशाल द्या, पण शिव्या देऊन झाल्यावर ते काय दाखवतंय तेवढं बघा. मला बोलता येत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यासाठी एक भोक, एवढंच माझ्याकडे आहे.

आता तुकिरान माझ्यापाशी आले आहेत. माझ्या नळीवर पिठासारखी राख बसली आहे. शर्टाच्या टोकाने ते ती हळूहळू, फार मायेने झटकताहेत. गोठ्यात गाय कण्हते आहे. त्यांचा चेहरा माझ्या भिंगापासून चार बोटांवर आहे. तुमच्यापैकी कुणाचा आवाज इथवर पोचत असेल, तर त्यांना एवढं सांगा: पुसू नका. बघा.