अळणी श्रावण

माझा देवव्रत महाडच्या शाळेत गणित शिकवतो. मन ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळ्या तो १९९३ पासून घेत होता आणि पाच वर्षे त्याच्या डोक्याने आम्हांला दगा दिला नव्हता. त्या गोळ्या त्याने का टाकल्या, असे पुण्याहून येणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मी सुनेकडे बोट दाखवले.

"हिने लक्ष ठेवले नाही."

विनोदिनी डॉक्टरांसाठी पाणी आणायला उठली. त्या उठून जाण्याचा मला अधिकच संताप आला.

"श्रावणात जेवण काय होते?" डॉक्टरांनी विचारले.

"अळणी. महिनाभर. पाच वर्षे सुखरूप गेली म्हणून मी नवस फेडला."

त्यांनी पेन खाली ठेवले. "मीठ तोडले की हे औषध अंगात साठते. हात कापतात, उलट्या होतात. मी लिहून दिले होते."

दिले होते. विनोदिनीने तो कागद मला वाचूनही दाखवला होता. "माझ्या स्वयंपाकघरात डॉक्टर फोडणी देत नाहीत," असे मी तिला सुनावले होते.

नारळी पौर्णिमेनंतर देवव्रतचा खडू फळ्यावर थरथरू लागला. आठवीची मुले हसली. घरी येऊन तो म्हणाला, "आई, या गोळ्यांनी माझा हात कामातून चालला." मीच म्हटले, "मग फेकून दे." भाद्रपदात त्याची झोप उडाली, आणि एका सकाळी तो पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटात, ट्रक अडवून ड्रायव्हरांना प्रमेय शिकवताना सापडला.

रक्त तपासून डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या. त्या दुपारी ताट मी वाढले. आधी मीठ, मग बाकीचे. मिठाशेजारी गोळी.

देवव्रतने ताट सरकवले. "तूच फेकायला लावलीस, आता तूच वाढतेस. उद्या काय सांगशील?"

या घरात माझ्याशी असे कुणी बोलले नव्हते. रागाने माझे कान तापले. पण या वेळी दोष सुनेवर ढकलता येण्यासारखा नव्हता.

मी गोळी उचलून विनोदिनीच्या तळहातावर ठेवली. "याचे पथ्य यापुढे तू सांभाळायचेस. मी मध्ये बोलले तर मलाही गप्प कर."

तिने गोळी पुढे केली. देवव्रतने तिच्याकडे पाहिले आणि हात पसरला.

"आई," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ह्यांना पाणी आणा."

मी उठले.