झडपबाबांचा दहावा ताईत

कागद गिरणीच्या वाळवण विभागात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली पाळी सुटली होती, दुसरी लागली होती, आणि दोन्ही पाळ्यांची माणसं एकाच व्हॉल्व्हकडे डोळे लावून उभी होती. कागद वाळवणाऱ्या रुळांना किती वाफ सोडायची ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. त्याला फिरवणारी मोटर आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड त्याच्याच डोक्यावरच्या बंद पेटीत असतात. महिनाभरात तो सहाव्यांदा अडला होता. कंट्रोल रूममधून हुकमावर हुकूम सुटत होते आणि व्हॉल्व्ह ढिम्म होता.

तेवढ्यात झडपबाबा आले. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. अडलेल्या झडपा उघडतात म्हणून झडपबाबा. पेटीला बांधलेला ताईत त्यांनी सोडला, डोळ्यांना लावला, काहीतरी पुटपुटत पुन्हा बांधला आणि मायेने म्हणाले, "सोड बाळा, अडवू नकोस." हे बाळ म्हणजे चाळीस किलोचं ओतीव लोखंड. कंट्रोल रूमने बटण दाबलं आणि मोटर घुं करून फिरली. शंभरेक माणसांनी हात जोडले. आमच्या मॅनेजरसाहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

मी हात जोडले नाहीत, पण तोंडही उघडलं नाही. याची मला लाज वाटते, ती आधीच सांगून टाकतो. कारण त्यानंतर बाबा जे बोलले ते माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल होतं. या पेटीला एका बाईचा हात लागलाय, तिची सावली हटल्याशिवाय व्हॉल्व्ह शांत व्हायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. गिरणीत यंत्राला हात लावणारी बाई एकच होती.

ताई इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मी स्टोअरकीपर. महिन्यापूर्वी तिनेच या पेटीची सर्व्हिसिंग केली होती. झाकणाचं रबर बदललं, कार्ड साफ केलं, व्हॉल्व्ह कुठे पूर्ण उघडतो आणि कुठे पूर्ण मिटतो ते नव्याने लावून दिलं. त्याच संध्याकाळी साहेबांनी बाबांना आणून दहा यंत्रांना दहा ताईत बांधून घेतले. तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह अडला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण फांदीवर कावळे दोन बसले होते, आणि या शहाण्यांनी नेमकं ताईला धरलं.

या सहाव्या खेपेला, बाबा यायच्या आधी सकाळी, व्हॉल्व्ह उघडाच अडला होता. वाफ थांबेना, म्हणून बॉयलरवाले मामा शिडी चढून हाताने चाक फिरवायला गेले आणि तापलेल्या नळाला हात लागून मनगटापासून कोपरापर्यंत भाजले. तेही ताईच्याच खात्यावर पडलं. साहेबांनी तिला बजावलं: उद्या सकाळी सगळ्यांसमोर बाबांच्या पाया पडायचं, माफी मागायची आणि या व्हॉल्व्हला पुन्हा हात लावायचा नाही. नाहीतर राजीनामा.

मी तिला म्हणालो, पड पाया, विषय संपव. ती म्हणाली, "पडेन रे एक वेळ. पण पुढच्या खेपेला कुणाचा तरी चेहरा भाजेल. तो कुणाच्या पायावर ठेवू?"

मग ती मला पेटीपाशी घेऊन गेली. टीव्हीच्या रिमोटसारखं एक यंत्र तिने पेटीसमोर धरलं आणि छोट्या पडद्यावर नोंदी दिसायला लागल्या. ही पेटी स्वतःची डायरी ठेवते. सहाही वेळा तिने एकच लिहिलं होतं: पेटीवरचा हाताने फिरवायचा नॉब 'स्टॉप'वर. नॉब मात्र 'रिमोट'च्या खुणेवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या ताब्यात होता आणि त्याला कुणी शिवलंही नव्हतं.

"म्हणजे भूत?" मी म्हणालो. ताईने असं पाहिलं की मला लहानपणीच्या चापट्या आठवल्या.

मग तिने समजावलं. आत वाफ शिरू नये म्हणून नॉबसाठी पेटीला भोकच ठेवलेलं नसतं. नॉबच्या पोटात चुंबक असतो, आणि पेटीच्या भिंतीआडचा स्विच त्या चुंबकाला ओळखतो. दुसरा एखादा चुंबक स्टॉपच्या खुणेजवळ आला, तर पेटी समजते की कुणीतरी नॉब फिरवला. एवढं तिने सांगितलं आणि आम्ही दोघांनी ताईताकडे पाहिलं. तो स्टॉपच्या खुणेच्या चार बोटं वर लोंबत होता. नळ दिवसभर थरथरतो. दोरा रोज थोडा सरकत असणार. चार-पाच दिवसांत ताईत खुणेवर येतो, व्हॉल्व्ह अडतो. बाबा येऊन तो वर बांधतात, व्हॉल्व्ह सुटतो.

मी म्हणालो, आत्ताच काढ. तर ती म्हणाली, आत्ता काढला तर लोक म्हणतील मीच त्यात काहीतरी भरलं. सकाळपर्यंत वाफ मागच्या हातव्हॉल्व्हवरून चालवायला सांगून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी जमली. मी स्टोअरमधून बारीक लोखंडी नटांनी भरलेला ट्रे आणला. माझं शौर्य एवढंच. ताई म्हणाली, माफी मागते, पण आधी दहाही ताईत या ट्रेमध्ये ठेवा. बाबा गरजले, दुसऱ्याने ताईत सोडला तर कोप होईल.

तेव्हा मामा पुढे आले. एक हात गळ्यात बांधलेला. "माझ्यावर झालाय तो कोप," ते म्हणाले, "आता काय व्हायचं राहिलंय?" चांगल्या हातात कात्री घेऊन त्यांनी एकेक दोरा कापला.

नऊ ताईत ट्रेमध्ये नुसते पडून राहिले. दहावा, या व्हॉल्व्हवरचा, टेकायच्या आत नट उड्या मारून त्याला चिकटले. ताईने सगळे उसवले. नऊंमध्ये राख होती, दहाव्यात शर्टाच्या बटणाएवढा चुंबक. तिने कंट्रोल रूमला मोटर चालवायला सांगितली आणि तो चुंबक स्टॉपच्या खुणेवर धरला. चालती मोटर थांबली.

"म्हणा आता मंत्र," ती बाबांना म्हणाली.

बाबांनी म्हटला. घाम फुटेपर्यंत म्हटला. व्हॉल्व्ह हलला नाही. मग ताईने चुंबक बाजूला घेतला, कंट्रोल रूमला खूण केली आणि मामांकडे पाहिलं.

"सोड बाळा," मामा म्हणाले, "अडवू नकोस." मोटर घुं करून फिरली.

बाबा म्हणाले, चुंबकातही ईश्वरी शक्तीच असते. दोघातिघांनी मानाही डोलावल्या, हे मी विसरणार नाही. नंतर कळलं की हा गृहस्थ चार वर्षं अशाच पेट्या दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली होता. साहेब म्हणाले, माझी आपली श्रद्धा होती. त्या श्रद्धेपायी मामांच्या उजव्या हाताची मूठ आजही पूर्ण वळत नाही.

म्हणून सांगतो. यंत्र अडो, अंगात ताप भरो, विहीर आटो, आधी विचारा: काल काय बदललं, कुणी बदललं? नोंद असेल तर वाचा, झाकण असेल तर उघडा. माझ्यासारखं गप्प उभं राहू नका. आणि फांदी मोडली की सगळे कावळे मोजा. ज्याला आपण हात जोडलेत, तो आधी.