लेफ्ट आउटचा पाहुणा

"एक्केचाळीस वर्षांचा माणूस लेफ्ट आउट खेळणार? शेठ, त्या जागेवर पळावं लागतं," मी म्हणालो.

शांतीलालशेठांनी बशीतला चहा संपवला. कापडाचं दुकान सांभाळून ते मेहरूणच्या आमच्या जय तापी फुटबॉल मंडळाचे सेक्रेटरी होते. "हिलाल, पळायला बाकीचे आहेत. डोकं लागतं, डोकं. धनसिंग भुसावळला रेल्वेकडून पंधरा वर्षं खेळलाय."

"खेळला असेल. आता थकलाय ना?"

"तू गप रे," आमचा गोलकीपर भटू मध्येच बोलला. "मांगला साल बठ्ठा पोरेच व्हतात. धुळावालास्नी चार गोल कयात, भुली गया का?"

मागच्या वर्षी बाहेरचं कोणी न घेता आम्ही सेमीफायनललाच हरलो होतो. ते चारही गोल त्याच्याच हातांतून गेले होते, पण बोलायचं कोणी?

"आणि त्याआधी तीन वर्षं पाहुणे होते, तेव्हा कुठे शील्ड आली?" मी विचारलं.

स्पर्धेत बाहेरगावचे तीन खेळाडू घेता यायचे. त्यांना आम्ही पाहुणे म्हणायचो. बहुतेक वर्षी शेठ कुठून तरी तीन थकलेले पाहुणे धरून आणायचे आणि त्यांतला एक नेमका माझ्या जागेवर यायचा. नऊ वर्षं मी मंडळात होतो. दिवसभर पंप दुरुस्त करत हिंडायचो, संध्याकाळी न चुकता सरावाला यायचो, आणि फायनल एकही खेळलो नव्हतो. यंदा तीस पूर्ण झाली. 'यंदा लेफ्ट आउट तू,' असा शब्द शेठांनी दिवाळीत दिला होता. तो शब्द गेला तेल लावत.

उठताना शेठ म्हणाले, "आणि हो, रविवारी पाहुण्यांचं जेवण तुझ्याकडे. मैदानाजवळ तुझंच घर."

म्हणजे जागाही द्या आणि जेवायलाही घाला. डोकं फिरलं माझं. पण पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

फायनल चारला, समोर पुन्हा धुळेकर. तिघे दुपारी एकला आले. माझ्या बायकोनं, कमलनं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी केली होती. धनसिंगनाना गुडघा धरूनच पाटावर टेकले. माणूस चांगला निघाला, हीच पंचाईत. "आमची मंडळी गेल्यापासून असं जेवण मिळालं नाही, वहिनी," म्हणाले. मग काय, कमल ऐकते?

"नाना, आखो एक ल्या. इतला दूरथून उनात."

नानांनी पाच बट्ट्या खाल्ल्या, वर तुपाची धार. पाहुण्याला एकट्याला जेवू देत नाहीत, म्हणून त्यांच्या बट्टीला बट्टी मीही खात गेलो. मला कुठे खेळायचं होतं?

हाफटाइमपर्यंत नानांनी दोन पास असे दिले की माझ्याही तोंडून 'वा' निघालं. त्याचाही मला रागच आला. नंतर मात्र त्यांचं पाऊल उचलेना. शेवटची बारा मिनिटं उरली, धुळेकर एका गोलनं पुढे. तेव्हा नाना आपणहूनच बाहेर आले, एक हात पोटावर.

"जा भाऊ," मला म्हणाले, "तुझी जागा शे ही."

"हिलाल, उतर," शेठ म्हणाले.

नऊ वर्षं वाट पाहिली ते हाती आलं, आणि पोटात पाच बट्ट्या. भटूनं लांब किक मारली. चेंडू माझ्यापुढे पडला. डावी बाजू मोकळी, धुळ्याचा बॅक माझ्या मागे. सरावात असा चेंडू मी कधी सोडला नव्हता. जीव खाऊन पळालो. पाय जड झाले, श्वास वर येईना. बॅक मला मागे टाकून पुढे गेला आणि त्यानं चेंडू लाइनबाहेर मारला.

लाइनीलगत आमचेच लोक बसले होते, मेहरूणचे. त्यांतला एक जण ओरडला, "शेठ, हाऊ डोकरा कोठून धरी आना?"

बाकीचे हसले. आवाज ओळखीचा होता. मागच्याच आठवड्यात त्याच्या विहिरीवरचा पंप मी खोलून बसवून दिला होता. मंडळाच्या जर्सीत त्यानं मला ओळखलं नव्हतं; त्याला मी शेठांनी आणलेला म्हातारा पाहुणाच वाटलो.

वळून सांगावंसं वाटलं, अरे, मी हिलाल, इथलाच. पण थ्रो आमचा होता आणि वेळ चालला होता. मी चेंडू उचलला, दोन्ही हातांनी डोक्यामागे नेला आणि आत टाकला.