भामाबाईचा गॉगल

भामाबाईनं गॉगलच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली, पदराच्या टोकानं ती पुसली, आणि गॉगल डोळ्यांवर चढवून ती ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांपुढं मांडलेल्या टोकाच्या खुर्चीवर बसली. छत्री मिटून तिनं गुडघ्यांशी उभी धरली. मनगटावरचं मोठं पुरुषी घड्याळ सरकून कोपराकडं गेलं, ते खाली ओढून घेतलं.

"ते काढ," मधल्या खुर्चीवरून नाथाजी म्हणाला.

"काय काढू?"

"डोळ्यावरचं. फोटू काढायचाय. पिक्चरला न्हाई आलीस, भामे."

बाकीचे सदस्य हसले. धुळा मेंढपाळ तर मांडीवर थाप मारून हसला, पण भामाबाईनं मान वळवताच त्यानं हसू गिळलं. काळ्या काचेमागून ती कुणाकडं बघतेय, हे कुणालाच कळत नसे. गेले तीन महिने सगळ्या पंचायतीची हीच पंचाईत झाली होती.

नाथाजी उपसरपंच. मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला, उंब्रजच्या रस्त्याला लागून ऊस. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, म्हणून त्याची सून संयोगिता सरपंच झाली होती. ती शेजारच्या खुर्चीवर कपाळापर्यंत पदर ओढून बसली होती आणि मधली, हातांची खुर्ची सासऱ्याकडं होती. याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं. नव्या कायद्यानं भामाबाईही निवडून आली होती, बौद्धवाड्यातून. तिचं मात्र गावाला अजून नवल वाटत होतं.

उंब्रजहून दादासो फोटोग्राफर आला होता. तिपाईवर कॅमेरा चढवून तो मागं-पुढं करत होता. हा फोटो मोठा करून, चौकट लावून, आत भिंतीवर जुन्या पंचायतींच्या फोटोंच्या ओळीत लागायचा होता.

"मावशी, काचंवर फ्लॅश चमाकतो," दादासो समजुतीनं म्हणाला. "डोळं दिसत न्हाईत. मग मानूस कोन, ते कसं कळायचं?"

"आवं आक्का, काढा की घडीभर," धुळा म्हणाला.

"डाक्टरनं लावाय सांगितलाय," भामाबाई म्हणाली.

"पाडव्यापतूर सांगितलंय!" नाथाजी खुर्चीत पुढं सरकला. "सगळ्या गावाला ठावं हाय. पाडवा झाला, गुड्या उतरल्या. आता कसला गॉगल?"

गावाला ठाऊक होतं, हे खरंच. पुसाच्या थंडीत मिरजेला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू निघाला, आणि दोन्ही कानशिलांवर झापडं असलेला हिरवा प्लॅस्टिकचा चष्मा लावून ती एसटीतून उतरली. वर तपकिरी शाल डोक्यावरून घेतलेली. पारावरची पोरं घाबरून पळाली होती. तो हिरवा चष्मा एका शेळीनं पायाखाली घातला आणि गावची बला टळली. मग सांगलीला विश्रामबागेत कॉलेज शिकणारी तिची नात दीपमाला तिकडून हा काळा घेऊन आली. जाड काळी काडी, साध्या गोल काचा, नक्षी नाही की चमक नाही.

"आज्जी, हा कधी जुना होत नाही बघ," तिनं सांगितलं होतं. "बाकीच्या फॅशनी येतात नि जातात. काळा तसाच राहतो. आणि तुझ्या पांढऱ्या लुगड्यावर तर असला शोभतो!"

शोभतो हा शब्द भामाबाईला उद्देशून जन्मात कुणी वापरला नव्हता. तिनं आरशात बघितलं. पांढरं सुती लुगडं, मेलेल्या नवऱ्याचं घड्याळ, काळी छत्री आणि हा गॉगल. तिला आपलं आपणच आवडलं. तेव्हा ती लाजलीसुद्धा नाही.

मग थंडी सरली. शाल धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत गेली. माळावरचा पांगारा लाल झाला, उसाच्या गाड्या थांबल्या, दुपारी पत्रा तापायला लागला. थंडीचं सगळं घरात गेलं आणि गॉगल तेवढा बाहेर राहिला. मुलगा मिलिंद एकदा म्हणालासुद्धा, "आये, काढ की आता. लोक हसत्यात."

"पाडव्यापतूर लाव म्हनला डाक्टर. पाडव्याला काढ, असं कुटं म्हनलाय?"

मिलिंदनं हात जोडले.

आता गावात गॉगल म्हणजे आजवर एकच, नाथाजीचा. मिलिटरी कँटीनचा, सोनेरी काडीचा. नाथाजी तो घालून मोटारसायकलवरून निघाला की बांधावरची माणसं उभी राहत. त्याच गावात, त्याच्याच उसात जिनं जन्मभर खुरपं चालवलं, ती म्हातारी काळा गॉगल लावून मासिक सभेला यायला लागली, तेव्हा नाथाजीचं डोकं फिरणार नाही तर काय होणार!

"हे बघ," खिशाला अडकवलेल्या सोनेरी काडीवर बोट आपटत नाथाजी आता म्हणाला, "मी काढला का न्हाई? सुबेदार असून काढला."

"तुमी तुमचा काढला, नाथाजीराव. मी माजा ठिवला."

आता मात्र कुणी हसलं नाही. नाथाजीराव! कालपरवापर्यंत भामाबाईच्या तोंडी मालक याशिवाय दुसरा शब्द नव्हता. दादासो उगाचच कॅमेऱ्याची पट्टी घट्ट करत बसला.

खरं सांगायचं तर नाथाजीचं तोंड कसं आहे, हे भामाबाईला या पुसापर्यंत माहीतच नव्हतं. त्याचे पाय मात्र तिला पाठ होते. मिलिटरीचे काळे बूट, मग कोल्हापुरी पायताण, मग गुडघे दुखायला लागल्यावरच्या रबरी चपला. बांधावर आवाज आला की तिची मान आपोआप खाली जायची आणि समोर पाय दिसायचे. तिच्या आईचीही तशीच जायची. कुणी शिकवलं, कधी शिकवलं, कुणास ठाऊक. मान वर राहिली तर, "डोळं वर करून बघती व्हय गं?" हे ऐकावं लागायचं, आणि त्याच्यापुढं काय काय व्हायचं तेही तिनं लहानपणी बघितलं होतं.

गॉगल लावून पहिल्या सभेला गेली, तेव्हा आतून तिनं हळूच डोळे उचलले. नाथाजी बोलत होता. डाव्या गालावर हा एवढा मस. खालचे दोन दात पडलेले. आणि भुवया? भुवयांना तो डाय लावत होता! घरी जाऊन ती चुलीपुढं एकटीच हसत बसली. या बाप्याला भ्यालो आपण? याला?

पण ते चोरून बघणं होतं. काळ्या काचेआडून कुणीही शूर होतो, हे तिलाही कळत होतं, आणि तेच तिला आतून खात होतं. गॉगल काढला आणि नाथाजी ओरडला, की मान पुन्हा खाली जाईल. नेमकं तेव्हाच दादासो बटण दाबेल. मग तो फोटो यल्लाप्पाच्या फोटोशेजारी लागेल.

यल्लाप्पा, तिचा नवरा, फार पूर्वी एकदा पंचायतीवर होता. मान वळवली की उघड्या दारातून तो फोटो इथूनही दिसत होता. मागच्या ओळीत, अगदी शेवटाला तो उभा होता. पुढच्या खुर्चीत नाथाजीचा बाप. यल्लाप्पाची मान अशी खाली गेलेली, की फोटोत तोंड आलंच नव्हतं, नुसता पटका आला होता. त्याचा दुसरा फोटो या जगात नव्हता. दीपमाला लहान असताना तिनं विचारलं होतं, "आज्जी, ह्यातला आज्जा कुठला?"

"त्यो पटका हाय न्हवं? त्येच्या खालचा."

हे सांगताना भामाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"गॉगल ठिवायचाच आसंल," नाथाजीचा आवाज चढला, "तर ऊठ तितनं आन् मागं जाऊन हुबी ऱ्हा. वळीच्या शेवटाला."

भामाबाईनं छत्रीची मूठ आवळली. तिनं दुसरा हात वर दाबून धरला.

"न्हाई."

"काय म्हनलीस?"

"खुर्ची पंचायतीची हाय. मी पंचायतीची हाय. मी न्हाई उठायची."

"लय शानी झालीस भामे!"

"व्हय. झाली."

धुळानं डोक्याचा पटका काढून पुन्हा बांधायला घेतला. पंचायतीच्या इमारतीची सावली पायऱ्यांवरून उतरून मधल्या खुर्च्यांवर पसरली होती. टोकाची खुर्ची तेवढी सावलीबाहेर राहिली होती. चैत्राचं ऊन भामाबाईच्या पांढऱ्या लुगड्यावर नुसतं पेटलं होतं. तिला छत्री उघडता आली असती, पण ती तशीच बसून राहिली.

"मामंजी," संयोगिता पदराआडून हळू म्हणाली, "राहू द्या की. घालू द्यात त्यांना."

सुनेनं चारचौघांत तोंड उघडलं, याचाच नाथाजीला जास्त राग आला. पण दादासोला दुसऱ्या गावी लग्न होतं, तो घड्याळ बघत होता. नाथाजीनं हात झटकला आणि खुर्चीत मागं टेकला. मग मोठेपणानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "बरं. घाल बाई, घाल. म्हातारी झालीस. माजी परवानगी हाय. दादासो, घे उरकून."

परवानगी!

दादासोनं कॅमेऱ्याला डोळा लावला. तेवढ्यात भामाबाईनं छत्री खुर्चीला टेकवली, दोन्ही हातांनी गॉगल काढला, त्याच्या काड्या एकेक करून मिटल्या आणि तो मांडीवर ठेवला.

"तुमची परवानगी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

उन्हानं डोळ्यांत झर्रकन पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. खुर्चीतल्या खुर्चीत ती वळली आणि तिनं नाथाजीकडं बघितलं.

मानेत ती जुनी ओढ आली. कुणी मागून केस धरून खाली दाबावं, तशी आली. भामाबाईनं दात आवळले. मान गेली नाही. तिनं मस बघितला, भुवया बघितल्या आणि मग त्याच्या डोळ्यांत बघितलं. ते घारे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला त्यांचा रंग कळला.

नाथाजीनं तिच्याकडं बघितलं. मग दादासोकडं बघितलं. मग समोरच्या चिंचेकडं. पुन्हा वळून बघितलं, तर ती बघतच होती. रागानं नाही, हसून नाही, नुसती बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पापणी लवत नव्हती. त्यानं घसा साफ केला. धोतराचा सोगा नीट केला. मग त्याचा हात खिशाकडं गेला, सोनेरी काडी बाहेर निघाली, आणि त्यानं गॉगल डोळ्यांवर चढवला.

"हां, सगळी हिकडं बघा," दादासो म्हणाला. "हलू नका." मग त्यानं कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. "नाथाजीराव, गॉगल."

"ऊन लागतंय," नाथाजी म्हणाला.

तो भर सावलीत बसला होता. संयोगितेच्या पदराआडून खुदकन आवाज आला. ती पदर तोंडाशी धरायला गेली, तसा तो डोक्यावरून मागं सरकला, आणि तिनं तो पुन्हा पुढं ओढला नाही.

"काचंवर चमाकतंय, नाथाजीराव. डोळं दिसत न्हाईत. मग मानूस कोन, ते—"

"ऱ्हाऊ दे रं दादासो," भामाबाई म्हणाली. तिनं घड्याळ खाली ओढलं, पांढरं लुगडं गुडघ्यावर सारखं केलं आणि तोंड कॅमेऱ्याकडं फिरवलं. "सवय हुईस्तवर लागतोच त्यो. तू घे फोटू."

दादासोनं घेतला.