एक इंच सैल

दर रविवारी सकाळी अकरा ते बारा मी ट्रक चालवतो. वय एकाहत्तर, लायसन्स नाही आणि ट्रक कायम चिखलात. सगळं टीव्हीच्या पडद्यावर चालतं म्हणून पोलीस काही बोलत नाहीत. पुढच्या ट्रकमध्ये आमची लेक असते. ती दूर डोंगरात बोगदा खणण्याच्या कामावर इंजिनिअर आहे. घरात तिला आम्ही पहिल्यापासून 'साहेब' म्हणतो, कारण पाळण्यात असतानाही ती रडायची नाही, हुकूम सोडायची.

साहेबांचं फोनवरचं बोलणं तीन वाक्यांत संपतं. "बरी आहे. जेवले. ठेवते." पण हात ट्रक चालवण्यात गुंतले की तिची जीभ मोकळी सुटते. माझा रुतलेला ट्रक दोरानं ओढता ओढता ती सगळं सांगून टाकते. मुकादम कुणाशी भांडला, कॅम्पातल्या मांजरीला पिल्लं किती झाली, रात्री झोप का लागत नाही. तो एक तास मला आठवडाभर पुरतो.

त्या तासावर गदा आली ती आमच्या जुन्या काँप्युटरमुळं. तो होता कपाटाएवढा आणि त्याचे पंखे असे, की खेळ सुरू झाला की समोरच्या बिल्डिंगमधले पडदे आमच्या दिशेनं ओढले जायचे. मी त्याच्या मागं मोजे वाळवत असे. खालच्या मजल्यावरचे वकील एकदा फाइल बगलेत मारून गच्चीवर धावले. त्यांना वाटलं, हेलिकॉप्टरमधून एखादा बडा अशील उतरतोय. एके दिवशी तो मोठ्यानं शिंकला, थोडा धूर सोडला आणि गेला. सुतक मी एकट्यानंच पाळलं. बायकोनं खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, "आहाहा. घर किती शांत आहे हो आपलं!"

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तीस वर्षं. तिचे कान म्हणजे काय सांगावं! पलीकडची घंटा वाजली की घरात माणूस आहे की नाही, ते ती घंटेवरून सांगायची. निवृत्तीनंतरही कान ड्यूटीवरच आहेत. एकदा जेवताना मध्येच थांबून म्हणाली, "कुणाचा तरी केस गळला." पाहतो तर माझाच, आणि तोही शेवटच्या चारांपैकी.

अशा बाईच्या हॉलमध्ये मला नवं यंत्र आणायचं होतं. मी तीन दिवस अळीमिळी करून चौथ्या दिवशी विषय काढला. सिनेमेसुद्धा त्यावरच बघता येतील, तुझे जुने कृष्णधवल सिनेमे भिंतीएवढे दिसतील, वगैरे लालूच दाखवली.

"आणा की," ती म्हणाली. "टीव्हीखालच्या कपाटात मधला कप्पा रिकामा आहे. त्यात बसलं पाहिजे. मला दिसता कामा नये आणि ऐकू येता कामा नये. एक रविवार मी परीक्षा घेणार. नापास झालं तर परत माघारी, आणि साहेबांशी चार लोकांसारखं फोनवर बोलायचं."

म्हणजे "बरी आहे, जेवले, ठेवते." 

त्याच संध्याकाळी मी टेप घेऊन कपाटापुढं मांडी ठोकली. चाळीस वर्षं टेलरिंग केलेला माणूस मी. माझ्या मापाबद्दल कुणी ब्र काढलेला नाही. मी एका गृहस्थाला शिवलेला कोट इतका बेतशीर बसला होता, की ते रजेवर असले तरी कोट एकटाच ऑफिसात जाऊन सही करून यायचा. कप्प्याची रुंदी, उंची, खोली घेतली, कानामागची पेन्सिल काढून कागदावर आकडे टाकले आणि साहेबांना कळवले.

मग आठवडाभर पार्टांची निवड चालली. कामाचं बोलणं असलं की साहेबांना फोनही चालतो. ती पलीकडून सांगायची, मी वहीत उतरवून घ्यायचो.

"बाबा, लहान डबा म्हटला की भांडण जागेचं आणि उष्णतेचं. मदरबोर्ड सगळ्यात छोटा, वीतभराचा. त्यावर रॅमच्या दोनच पट्ट्या बसतात, तेव्हा पहिल्यांदाच मोठ्या घ्यायच्या."

"प्रोसेसर सगळ्यात दांडगा घेऊ या का?"

"नाही! दांडगा जास्त तापतो, तापला की पंखा पळतो, पंखा पळाला की आई उठते. मधला घ्यायचा. त्याच्यावरचा कूलर ठेंगणा, नाहीतर झाकण लागायचं नाही. ग्राफिक्स कार्डात मात्र कंजुषी नको, आपला चिखल तेच रंगवतं. पण आखूड पाहिजे."

"म्हणजे हाफ बाहीचं."

"हो, हाफ बाहीचं. आणि फिरणारी हार्डडिस्क नकोच, ती कुरकुर करते. चकती नसलेली घ्या, बोर्डावर चिकटून बसते, बिलकुल आवाज नाही. तुम्ही दिलेल्या मापात बसेल असा एकच डबा मिळालाय. अगदी घट्ट बसेल, पण बसेल."

यादी घेऊन मी काँप्युटर जोडून देणाऱ्याकडं गेलो. त्याच्या दुकानात दोन माणसं एकदम श्वास घेऊ शकत नाहीत, आळीपाळीनं घ्यावा लागतो. गडी ओठांत चार स्क्रू धरूनच बोलत होता. मी आयुष्यभर ओठांत टाचण्या धरल्या, त्यामुळं आमचं लगेच जमलं.

"काका, आत रंगीत लाइट टाकू का? पंख्यांना, रॅमला, सगळ्यांना. झगझगाट होईल नुसता."

"अरे बाबा, मला सिनेमा बघायचाय, सर्कशीचा तंबू नाही ठोकायचा."

"यादी कुणी काढली? कडक आहे."

"साहेबांनी."

"कुठल्या ऑफिसचे?"

"आमच्याच घरातले."

दोन तास मी त्याचं काम बघत बसलो. वायरी त्यानं अशा दुमडून कडेला दाबल्या, की आतली शिवण बाहेरून दिसू नये. शेवटचा स्क्रू ओठांतून काढून पिळला आणि डबा माझ्या हातात दिला. मी तो बाळासारखा छातीशी धरून घरी आणला. बायको बाजारात गेली होती. म्हटलं, बरं झालं. येईपर्यंत कप्प्यात बसवून साळसूदपणे पेपर वाचत बसू.

डबा कप्प्यात जाईना.

आधी वाटलं, तिरका धरलाय. सरळ धरला. मग उजवीकडून लावला, डावीकडून लावला, गोंजारलं, दोन शिव्या दिल्या. अर्धा इंच. अर्ध्या इंचासाठी तो कप्प्याच्या दारात अडून बसला. टेप काढून कप्पा मोजला, साडेपंधरा इंच. डबा मोजला, सोळा. आणि माझ्या कागदावर माझ्याच अक्षरात साडेसोळा.

ते साडेसोळा बघितले आणि सगळा उलगडा झाला. चाळीस वर्षांची खोड! गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप घ्यायचं आणि लिहिताना त्यात एक इंच लूज धरायचा, नाहीतर माणूस खाली बसताक्षणी टाके उसवतात. हाताला इतकं वळण पडलेलं, की कपाटालाही मी एक इंच सैल ठेवला. जणू ते खाली बसणार होतं. इथं कप्पा म्हणजे कपडा आणि डबा म्हणजे अंग, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

साहेबांना फोन लावला. पलीकडं आधी हसू, मग खोकला, मग पुन्हा हसू.

"बाबा, आम्ही बोगदा दोन्ही बाजूंनी खणतो. मध्ये भेटावा लागतो. तुमचं माप घेतलं असतं तर दोन बोगदे झाले असते!"

"हसून झालं असेल तर उपाय सांगा."

"डबा परत घेतील?"

"उघडलेला घेत नाहीत, त्यानं आधीच सांगितलंय. आणि या मापाखाली दुसरा डबा नाही, असं तूच म्हणालीस."

"कपाट कापायचं?"

"एक्स्चेंजच्या मैत्रिणींनी तुझ्या आईला निरोपाला दिलंय ते. त्यापेक्षा मला काप."

एवढ्यात किल्लीचा आवाज आला. मी डब्यापुढं उभा राहिलो. बायकोनं पिशवी ठेवली, माझ्याकडं पाहिलं, टेपकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं तिनं माझ्या मापवह्या पाहिल्या आहेत.

"एक इंच धरला ना?"

"धरला."

ती खुर्चीत बसली. मी नजरेनं परतीची पिशवी शोधत होतो.

"ठेवा वर, टीव्हीशेजारी," ती शेवटी म्हणाली. "न बघायचं मी डोळ्यांना सांगेन. कानांना सांगता येत नाही. परीक्षा रविवारीच, आणि आता कानांची एकच. त्यात सूट नाही."

शनिवारी दुपारी मी त्या डब्याला छानसं कव्हर शिवलं. तिनं डोळ्यांना कशाला त्रास द्यायचा? मऊ करडं कापड, कोपऱ्यांना पायपिंग. घालून यंत्र चालू केलं आणि दहा मिनिटांत ते असं धापा टाकायला लागलं, की बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाहुणा जिना चढून आलाय का?"

मी कव्हर ओढून काढलं. धाप थांबली.

"बाबा!" साहेब फोनवर किंचाळले. "त्याला श्वास कुठून घेऊ देताय? आत पंखे आहेत ना! आणि ऐका, त्या बंद कप्प्यातही हेच झालं असतं. पुढं दार, मागं भिंत. हा विचार मीच करायला हवा होता."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की आपण तो इंच मुद्दामच धरला होता, अशी माझी खात्री व्हायला लागली. संध्याकाळी सिनेमा लावला. त्यातल्या शांत प्रसंगात बायको मान वाकडी करून ऐकत राहिली. "चालू आहे ना ते?" एवढंच म्हणाली. पण सिनेमात यंत्राला घाम येत नाही. घाम खेळात येतो.

रविवारी मी थोडी लबाडी केली. एरवी मी कानांवर हेडफोन घालून खेळतो. त्या दिवशी आवाज टीव्हीच्या स्पीकरवर सोडला आणि छोटा माइक टीपॉयवर ठेवला. दोन ट्रकांची इंजिनं गुरगुरत असताना पंख्याचा आवाज कुणाला कळणार? बायको मटार सोलायला शेजारी बसली. दोन शेंगा झाल्या आणि म्हणाली, "अहो, इंजिनाचा आवाज शून्य करा. बोलणं तेवढं राहू द्या. मी मूर्ख नाही."

केला शून्य. ट्रक मुक्यानं चिखल उडवू लागले. साहेब पुढं, मी मागं. तिनं दोर टाकला, मी अडकवला. वीस मिनिटं गेली. डबा थोडा गरम झाला असणार. पंख्याचा बारीकसा आवाज माझ्या जड कानांनाही ऐकू आल्यासारखा वाटला, वहीचं पान उलटावं तसा. 

बायकोचा हात मटारात थांबला. तिनं बोट वर केलं.

"ऐकू आलं."

माझा ट्रक ओढ्यात घसरला. "काय? काहीच नाही. बाहेर रिक्षा..."

"गप्प बसा. खोकतेय ती."

"मी? नाही गं आई," साहेब स्पीकरमधून म्हणाले. "जरा धूळ आहे. दोन दिवस झाले."

"दोन दिवसांचा खोकला गळ्यातून येतो. हा खालून, छातीतून येतोय. किती दिवस?"

पलीकडं दोर गुंडाळण्याचा खेळ चालू होता. साहेबांचे हात गुंतलेले होते आणि त्यातच ती बोलून गेली. "तीन आठवडे. मास्क घालायला हवा, पण श्वासाच्या वाफेनं चष्मा धुरकटतो. डॉक्टर मंगळवारी येतात कॅम्पात, आणि मंगळवारीच माझी पाळी आत बोगद्यात असते."

"पाळी बदलून घे."

"सांगते."

"सांगते नाही. मुकादमाशी बोल, नाहीतर मी बोलेन. तीस वर्षं मोठमोठ्या साहेबांना लाइनवर धरून ठेवलंय मी."

साहेब हसले, खोकले आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "आई, रात्री जरा भीतीही वाटते गं. खोकला आला की." हे मला त्या सगळ्या रविवारांत तिनं सांगितलं नव्हतं. तीन आठवडे ती फोनवर माझ्या कानात खोकत होती आणि मला वाटत होतं, लाइन खराब आहे.

बायकोनं मटारचं ताट खाली ठेवलं आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली. मग त्या दोघींचं जे सुरू झालं, त्यात माझं काम उरलं नाही. जेवण, उशी किती उंच, खोलीला खिडकी आहे का, झोपताना पाणी जवळ असतं का. साहेब एका हातानं माझा ट्रक ओढत होते आणि उत्तरं देत होते. "ठेवते" हा शब्द एकदाही आला नाही.

बारा वाजून गेले. मी भीत भीत विचारलं, "मग, परीक्षेचं काय झालं?"

"वाजतंय की थोडं," बायको म्हणाली. "तिच्या बोलण्याच्या आड येत नाही. राहू द्या." मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाली, "पुढच्या रविवारी साडेदहाला सुरू करा. पहिला अर्धा तास माझा. आणि मला तो ट्रक शिकवा, नाहीतर तिचे हात मोकळे राहतील आणि ती बोलायची नाही."

"आई, बाबांकडून नको शिकूस," स्पीकरमधून साहेब म्हणाले. "मी शिकवते."