सत्याण्णव मार्कांचा डोळा

एकवीस वर्षं मी लोकांना "हनुवटी थोडी वर, हलू नका" म्हणत आले. फोटो स्टुडिओत नोकरी होती. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि मालकांनी एके दिवशी दिवे, स्टुलं, प्लास्टिकची फुलदाणी सगळं विकून टाकलं. एक्केचाळिसाव्या वर्षी मी घरी बसले. पण घरी बसणं माझ्या स्वभावात नाही. तिसऱ्या दिवसापासून मी बाबांच्या चहाच्या कपात डोकावायला लागले, साखर किती घातली म्हणून. शेवटी त्यांनीच हात जोडले. "अगं, कुठेतरी जा बाई. मला चौदा वर्षं डायबेटिस आहे, पण त्रास आत्ता व्हायला लागलाय."

मग मी जे शोधलं ते थोडं त्यांच्याच दुखण्यातलं निघालं. मधुमेह असलेल्यांच्या डोळ्यांत आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू पाझरायला लागतात. माणसाला त्याचा पत्ता नसतो आणि पत्ता लागतो तेव्हा बरंच काही गेलेलं असतं. म्हणून वर्षातून एकदा त्या पडद्याचा फोटो काढायचा, तो वाचायचा, आणि काही वावगं दिसलं तर डॉक्टरांकडे पाठवायचं. फोटो काढणारा आणि पहिल्यांदा वाचणारा माणूस म्हणजे तपासणी तंत्रज्ञ. सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. फोटो म्हटल्यावर मला वाटलं, हे तर आपल्या हातचं आहे.

वर्ग हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला भरायचा. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, मध्ये टेबलावर कॅमेरा, दोन्ही बाजूंना वरखाली होणारी स्टुलं, हनुवटी टेकवायच्या पट्टीवर कागदांची गड्डी. प्रत्येक पेशंटनंतर वरचा एक कागद फाडायचा. आम्ही आठजण होतो आणि शिकवायला बाई होत्या. बाई पूर्वी नर्स होत्या. त्यांच्या समोर कुणी स्टूल सरकवतानाही आवाज करत नसे.

पहिले दोन महिने फक्त फोटो काढायला शिकायचं. बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे, वीस मिनिटं थांबायचं, पेशंटला हिरव्या ठिपक्याकडे बघायला सांगायचं आणि तो पापणी मिटायच्या आत बटण दाबायचं. बाकीच्यांच्या फोटोंत पापणीच्या केसांची सावली यायची, कडेला पांढरी कोर यायची, एकाने तर सगळ्यांचे डावे डोळे दोनदा काढले. माझं मात्र तसं काही होत नव्हतं. मला हे सांगायला लाज वाटायला हवी, पण मी मनातल्या मनात फुगत होते.

सरावासाठी प्रत्येकाने घरचे, शेजारचे मिळून वीस डोळे आणायचे होते. मी बाबांना आणलं. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, त्यावरच आमचं दोन खोल्यांचं घर. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबा डॉक्टरांकडे जाणं टाळण्यात पटाईत. डोळ्यांच्या वार्षिक तपासणीचं बोलावणं तीनदा आलं, तीनदा त्यांना नेमकं त्याच दिवशी कुणाचं तरी घड्याळ द्यायचं होतं. पण लेकीच्या परीक्षेसाठी म्हटल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून आले.

सरावाच्या फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की ही तपासणी नाही, हे फोटो कुणी वाचणार नाही. बाबांनी विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "काही नाही, नुसती सही करा." मागे रांग होती.

सरावाच्या फोटोंना मार्क संगणक द्यायचा. फोकस, उजेड, चौकट, सावल्या, एवढंच तो बघायचा. बाबांच्या डाव्या डोळ्याच्या फोटोला शंभरपैकी सत्याण्णव मिळाले. बाईंनी मार्कांची यादी वाचली आणि म्हणाल्या, "इतके आजवर कुणाला पडले नव्हते." एवढंच. पण त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दुसऱ्यांनी मिरवणूक काढण्यासारखं होतं. मी त्या दिवशी घरी पायी गेले, बसमध्ये बसवेना.

बाबांनी हट्टाने त्या फोटोची मोठी प्रत मागून घेतली, फ्रेम केली आणि जेवायच्या टेबलावरच्या भिंतीला लावली. नारिंगी गोल, त्यात डाव्या अंगाला फिकट चकती, तिच्यातून फुटलेल्या लाल शिरा आणि मधोमध पिवळे चमकदार कण. दुकानातल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना ते मुद्दाम वर घेऊन यायचे. "हा माझा डोळा. पोरीने काढलाय. सत्याण्णव मार्क. आणि हे बघा, आत सोन्याचं काम आहे." गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचे.

चौथ्यांदा तपासणीचं बोलावणं आलं तेव्हा बाबांनी ते पत्र चष्म्याच्या घरात कोंबलं. "झाली की तपासणी. तू केलीस ना."

इथे मी बोलायला हवं होतं. ती तपासणी नव्हती, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. पण सांगितलं असतं तर भिंतीवरचा फोटो नुसता फोटो झाला असता, आणि ते मला नको होतं. "बघू नंतर," असं म्हणून मी विषय संपवला.

त्याच सुमारास दुकानात कटकटी सुरू झाल्या. एक शिक्षिका परत आली, मिनिटकाटा काचेला घासतोय म्हणून. मग बँकेतल्या एका माणसाने सगळ्यांसमोर घड्याळ टेबलावर ठेवलं. "काटा वाकवून दिलात तुम्ही." बाबांना चाळीस वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं. रात्री जेवताना ते म्हणाले, "हल्ली काटेच हलक्या पत्र्याचे येतात. वाकडे येतात कंपनीतूनच." मी म्हटलं, हल्ली सगळंच तसं झालंय.

चौथ्या महिन्यात बाईंनी फोटो वाचायला शिकवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आजपर्यंत तुम्ही फोटो कसा आलाय ते बघितलंत. आता फोटोत काय आलंय ते बघायचं. हे दोन्ही एकाच वेळी होत नाही, हे लक्षात ठेवा." मग त्यांनी पडद्यावर एक चित्र लावलं आणि लाल काठीने दाखवत गेल्या. हे लाल ठिपके म्हणजे फुगलेल्या शिरा. आणि हे पिवळे कण म्हणजे शिरांतून पाझरलेलं तेलकट द्रव्य. ते कडेला असेल तर लक्ष ठेवायचं. मध्याजवळ, असं कडं करून असेल तर थांबायचं नाही, कारण मध्य सुजला की माणसाची बारीक नजर जाते. वाचन, शिवण, असली कामं जातात.

पिवळे कण पडद्यावर चमकत होते. मी लिहायचं सोडून वही मिटली. शेजारच्याने विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, काही नाही, उकडतंय.

घरी आले तेव्हा बाबा खाली दुकानात होते. मी खुर्चीवर चढून फ्रेम काढली, टेबलावर आडवी ठेवली आणि बाबांचं जुनं भिंग घेऊन बसले. लाल ठिपके अकरा सापडले. पिवळ्या कणांचं कडं मध्याच्या इतकं जवळ होतं की कुणी नवशिक्यानेही बोट ठेवलं असतं. अडीच महिने मी त्याच्या खाली बसून जेवत होते. एकवीस वर्षं कॅमेऱ्यामागे काढली आणि समोर काय आहे ते एकदाही बघितलं नाही. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

सकाळी वर्ग भरायच्या आधी बाईंना गाठलं आणि फ्रेमच त्यांच्या हातात दिली. फॉर्मचं सांगितलं, पत्राचंही सांगितलं. बाईंनी फोटो उजेडाकडे धरला. 

"यादी वाचताना हा फोटो मी उघडायला हवा होता," त्या म्हणाल्या. "मार्क बघितले आणि पुढे गेले. तेव्हा रडत बसू नका, मलाही बसावं लागेल. डॉक्टर परवा येतात. सकाळी नऊला वडिलांना घेऊन या."

"ते यायचे नाहीत. त्यांना वाटतं तपासणी झालीय."

"मग झालेली नाही हे सांगा. तुम्हीच सांगा. माझ्याकडून चिठ्ठी मागू नका."

दुपारी मी दुकानात गेले. बाबा डाव्या डोळ्याला भिंग लावून एका घड्याळावर वाकले होते. चिमट्यात काटा होता. मी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले आणि उगाच आडवळणं न घेता सगळं सांगून टाकलं. ती तपासणी नव्हती. तुम्हाला सही करायला लावली तेव्हा मी ते वाचून दाखवलं नाही. सोन्याचं काम म्हणता ते दुखणं आहे. आणि ते पत्र आलं तेव्हा मी गप्प बसले, कारण मला तो फोटो भिंतीवर हवा होता.

त्यांनी भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा गोल वळ उमटला होता. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे काटे सरळ होते," ते म्हणाले.

"कुठले काटे?"

"हेच सगळे." त्यांनी ट्रेकडे हात केला. "दीड महिना झाला, काट्यांची टोकं वाकडी दिसतात. मी बसून एकेक सरळ करत होतो. त्या शिक्षिकेचा केला, बँकवाल्याचा केला. चांगल्या काट्यांना वाकवून ठेवलं मी."

"बाबा, मग बोलला का नाहीत?"

"डोळ्याचा संशय आला होता मला एकदा. उजवा झाकून बघितलं, तर दाराची चौकटसुद्धा वाकडी दिसली. मग वर आलो आणि फोटोसमोर उभा राहिलो." ते काटा कागदात गुंडाळत होते, अगदी सावकाश. "सत्याण्णव मार्क. म्हटलं, पोरीने आत जाऊन बघितलंय, तिच्यापेक्षा मला जास्त कळतं का? वय झालं असेल. आणि नाहीतर काटेच वाकडे असतील."

मला रडू फुटलं. दुकानात गिऱ्हाईक आलं, ते बघून उलट पावली गेलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी बाबा आले. या वेळी इस्त्रीचा शर्ट नव्हता. फोटो बाईंनी काढला, डॉक्टरांनी वाचला. उजव्या डोळ्यात थोडे लाल ठिपके होते, त्यांच्यावर नजर ठेवायची. डावा मधोमध सुजला होता. डॉक्टरांनी इंजेक्शनांचं समजावलं. दर महिन्याला एक, सहा तरी लागतील. आहे ते टिकेल, थोडं परतही येईल. "पण पहिल्यासारखं नाही," ते म्हणाले. "दोन महिने आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती." बाबांनी मान डोलावली. माझ्याकडे बघितलं नाही. ते मला वाचवण्यासाठी होतं हे मला कळलं, आणि म्हणून जास्तच लागलं.

मी परीक्षा दिली आणि पास झाले. फोटो काढण्यात माझा नंबर दुसरा आला आणि वाचण्यात पहिला. आता मी एकेका फोटोवर इतका वेळ घेते की बाहेरची रांग कुरकुरते. मी कुणाचंही ऐकत नाही.

घड्याळवाल्याचं भिंग एकाच डोळ्याला असतं, आणि बाबांचा तो डोळा डावा होता. चौथ्या इंजेक्शननंतर सूज उतरली, चौकटी जवळजवळ सरळ झाल्या, पण मनगटी घड्याळातला स्क्रू काही त्यांना त्या डोळ्याने दिसेना. मग त्यांनी सदुसष्टाव्या वर्षी उजव्या डोळ्याला भिंग लावायला सुरुवात केली. पण हात ऐकेनात. चाळीस वर्षं ते डाव्या डोळ्याच्या हुकमात वागलेले. चिमटा स्क्रूच्या बाजूला जाऊन पडायचा. नवीन कामं घेणं त्यांनी बंद केलं होतं. बंद पडलेलं, कुणाचंच नसलेलं एक घड्याळ घेऊन रोज संध्याकाळी दोन तास बसायचे. ते खोलायचं, जोडायचं, परत खोलायचं.

काल कामावरून येताना मी दुकानात शिरले आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले. त्यांनी तिसऱ्यांदा स्क्रू उचलला, तिसऱ्यांदा तो पांढऱ्या कागदावर पडला. मला तो स्पष्ट दिसत होता, त्यांच्या करंगळीपाशीच. मी पुढे वाकले.

"सांगू नकोस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू अशी समोर बसून बघू पण नकोस. तू बघतेयस म्हटलं की मी बघायचं सोडून देतो."

मी खुर्ची फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.